शालिकरामभाऊंची करंगळी

प्रताप नगरच्या वळणावर शालिकरामभाऊंची टपरी होती. टपरी म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा, आत एक लाकडी पेटी आणि गिऱ्हाइकाला बसायला एका जीपचं उपटून आणलेलं सीट. तरीही मोटरसायकलचं इलेक्ट्रिक बिघडलं की लोक मोठमोठी दुकानं सोडून इथं यायचे. कारण शालिकरामभाऊंकडे एक यंत्र होतं, जे नागपुरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते यंत्र म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची करंगळी.

गाडीची कॉइल चांगली की गेलेली, हे ते करंगळीनं सांगायचे. पद्धत ठरलेली. प्लगची वायर सोडवायची, तिचं टोक करंगळीशी आणायचं, त्याच तळहाताची कड इंजिनच्या पात्यांवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि मालकाला म्हणायचं, "मारा किक." मालक किक मारायचा, ठिणगी करंगळीवर पडायची, आणि शालिकरामभाऊ निकाल द्यायचे. निकाल तीनच. मुंगी, गांधीलमाशी किंवा विंचू. मुंगी चावली तर कॉइल गेली, काढून फेका. गांधीलमाशी चावली तर चार-सहा महिने ढकलता येईल. विंचू चावला तर बेलाशक जबलपूरपर्यंत जा.

मला पहिल्यांदा हा प्रकार पाहून घामच फुटला होता. मी काटोलच्या शाळेत शिकलेला माणूस. फिजिक्सच्या मास्तरांनी विजेला हात लावू नका एवढं एकच वाक्य आम्हाला नीट समजेल असं शिकवलं होतं. मी विचारलं, "भाऊ, मराल एखाद्या दिवशी."

ते म्हणाले, "करंट करंगळीतून शिरते अन् तळव्याच्या काठानं लगेच इंजिनात उतरते. मनगटाच्या वर चढू द्याचीच नाही तिले. दुसरा हात खिशात."

"आणि डोळे कशाला मिटता?"

"डोळे उघडे असले का मानूस बोटाचं आयकत नाही."

मी तेव्हा संत्र्याच्या एका अडत्याकडे नोकरीला होतो. काटोलचा माल नागपुरात कळमन्याच्या बाजारात किती वाजता पोचला आणि वाटेत किती नासला, हे पाहायला एका सेकंडहँड मोटरसायकलवरून माझ्या चकरा चालत. साल शहाऐंशी. माझी गाडी इतकी गुणी, की थंड असताना एका किकेत सुरू व्हायची आणि वीस मैल तापली की भर रस्त्यात बंद पडायची. अर्धा तास झाडाखाली बसलं की पुन्हा सुरू. मी तिला प्लग बदलून दिला, कार्बोरेटर धुऊन दिला, टाकीत पेट्रोल गाळून टाकलं. शेवटी लोकांनी शालिकरामभाऊंचं नाव सांगितलं. त्यांनी गाडी तापवून आणायला लावली, करंगळी टेकवली आणि म्हणाले, "मुंगी." कॉइल बदलली. पुढचं वर्षभर ती गाडी वाटेत थांबली नाही. मी टपरीवर येतच राहिलो. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. म्हणायचे, "ये गा, काटोल."

माझी जुनी कॉइल त्यांनी करवतीनं कापून दाखवली होती. वरून डांबराचा थर, खाली मेणकागद, आणि मधल्या लोखंडी कांड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एक जाड तारेचं, शे-दोनशे फेऱ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, त्याच्या फेऱ्या हजारोंनी. मला म्हणाले, बॅटरीचा करंट जाड तारेतून फिरतो तोवर लोखंड चुंबक होऊन बसते. इंजिन फिरलं की पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो, चुंबकाचा जोर एका क्षणात खलास होतो आणि तो सगळा जोर त्या बारीक तारेत घुसतो. सहा व्होल्टची बॅटरी, पण त्या क्षणाला प्लगवर हजारो व्होल्ट.

"म्हणजे वीज जोडल्यानं नाही, तोडल्यानं ठिणगी पडते?" मी विचारलं.

"अकरावी पास ना गा तू?"

पास होतो, पण ते त्यांना पटवून देण्यासारखी परिस्थिती नव्हती.

कॉइल मरते कशी, हे त्यांनी त्या कापलेल्या तुकड्यावर बोट फिरवत सांगितलं. बारीक तारेवर वार्निशचा पातळ पापुद्रा असतो. इंजिनची उष्णता, रस्त्याचे धक्के, वर्षांमागून वर्षं, पापुद्रा तडकतो. मग शेजारच्या दोन फेऱ्या एकमेकींना चिकटतात आणि करंटला आडवाट मिळते. थंड असताना तडा मिटलेला असतो म्हणून गाडी सुरू होते. तापली की तार फुगते आणि आडवाट उघडते. काही लोक गाडी बंद करून चावी सुरूच ठेवतात, त्यांची कॉइल उभ्या जागी भाजते. काही लोक प्लगची फट कधी तपासत नाहीत; फट वाढली की ठिणगीला लांब उडी मारावी लागते, आणि त्या उडीचा ताण रोज कॉइलवर येतो. बाहेरून काहीच कळत नाही. डबा नव्यासारखा चकचकीत, आतली तार मेलेली. म्हणून करंगळी.

करंगळीचे सर्वांत मोठे भक्त गोपाळराव. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि गाडी बायकोपेक्षा जास्त पुसलेली, असं त्यांची बायकोच म्हणायची. कॉइल ठणठणीत असली तरी ते महिन्यातून एकदा करंगळीचा निकाल घ्यायला यायचे. सोबत कचेरीतला एखादा नवा माणूस पकडून आणायचे आणि तमाशा दाखवावा तसं दाखवायचे. विंचू निघाला की त्यांची छाती अशी फुगे, जणू विंचू त्यांनीच पाळला होता.

शालिकरामभाऊ काटोलकडच्याच एका खेड्यातले. छप्पन साली, सतराव्या वर्षी, बापाबरोबर दीक्षेला नागपुरात पायी आले. बाप दुसऱ्या दिवशी परत गेला, हे राहिले. एका मोटर भरणाऱ्याच्या दुकानात तार गुंडाळायला लागले. तिथून ही टपरी. सगळं मिळून तीस वर्षं त्यांच्या हाताखालून तार गेली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर गडबड सुरू झाली. मुंग्या वाढल्या. आधी आठवड्यात एखादी निघे, ती आता रोज निघू लागली. नव्या कोऱ्या कॉइललाही ते मुंगी म्हणू लागले. खोक्यातून काढलेली, रंगही न उडालेली कॉइल. करंगळी टेकवायची, डोळे मिटायचे, आणि मान हलवायची. म्हणायचे, आताचा मालच रद्दी येऊन राहिला, तारेत जीव नाही. आम्ही माना डोलवायचो. जुनं ते चांगलं, हे कुणी म्हटलं की माणसाला बरंच वाटतं, आणि करंगळीवर शंका घेण्याइतकं कुणाचं वय झालेलं नव्हतं.

शंका घेतली ती नत्थूजींनी. नत्थूजी सुट्या भागांचे दुकानदार, शालिकरामभाऊंना कॉइल पुरवणारे. दोन महिन्यांत एकोणतीस कॉइल परत आल्यावर ते स्वतः टपरीवर आले. त्यांच्या दुकानातल्या तपासणीच्या यंत्रावर त्यातल्या सव्वीस कॉइल उत्तम निघाल्या होत्या. शालिकरामभाऊ म्हणाले, यंत्राले काय समजते. नत्थूजी म्हणाले, मग रविवारी सकाळी दहा कॉइल आणतो. पाच चांगल्या, पाच मेलेल्या. सगळ्यांवर काळा रंग मारून, बुडाला नंबर लिहून. तुमच्या बोटानं निवडा. निवडल्या तर मी सगळा माल तोंड मिटून परत घेईन. नाही निवडल्या तर माझ्या दुकानातून तुम्हाला कॉइल मिळणार नाही, आणि का मिळत नाही हे मी विचारणाऱ्याला सांगेन.

शालिकरामभाऊ हसले आणि म्हणाले, "दहा काहून? वीस आना."

पण नत्थूजी गेल्यावर त्यांनी चहाचा ग्लास उचलला तो रिकामाच होता, आणि ते त्यातून दोन घोट प्यायले. तीस वर्षांचं नाव रविवारी दहा कॉइलींवर लागणार होतं. करंगळी हरली तर टपरीत उरणार काय? चार बल्ल्या आणि जीपचं सीट.

रविवारी गर्दी झाली. गोपाळरावांनी कचेरीतले तीन जण आणले होते. त्यांचीच गाडी परीक्षेला उभी केली होती. तिचा प्लग काढून ठेवला होता आणि एकेक कॉइल चिमट्यांनी जोडायची होती. किक मारायचं काम माझ्याकडे आलं. वच्छलावहिनी, म्हणजे शालिकरामभाऊंच्या मिसेस, घरून चहाची किटली घेऊन आल्या होत्या.

पहिली कॉइल. मी किक मारली. डोळे मिटलेले शालिकरामभाऊ म्हणाले, "मुंगी." नत्थूजींनी वहीत लिहिलं. दुसरी, मुंगी. तिसरीला काहीच नाही. चौथीला त्यांनी पुन्हा किक मारायला लावली, थांबले, आणि म्हणाले, "हे बी मेली." गोपाळराव चुळबुळायला लागले. त्यांना विंचू पाहिजे होता.

पाचवीला मी सहज खाली पाहिलं. तोवर मी किक मारताना समोर पाहत होतो, सगळे शालिकरामभाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. किक बसली आणि वायरच्या टोकातून निळी ठिणगी निघाली. अशी जाड, की भर उन्हात दिसली. टक्क असा आवाज झाला. ठिणगी सरळ करंगळीच्या पेरावर पडली. शालिकरामभाऊंची पापणी हलली नाही.

"किक मार ना गा," ते म्हणाले.

मी मारली. पुन्हा टक्क. आता सगळ्यांनी पाहिलं. तीनदा, चारदा. करंगळीच्या पेरावर एक पांढरा ठिपका उठला, त्याच्या कडेनं काळा. केस जळल्यासारखा वास आला. आणि तो माणूस, त्या ठिणगीखाली हात ठेवून, डोळे मिटून, देवळात बसावं तसा शांत बसला होता.

"मुंगी बी नाही," ते म्हणाले. "लिहा नत्थूजी, मेली."

नत्थूजींनी लिहिलं नाही. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, ती घंटी संपेपर्यंत ऐकू आली. ही शांतता जरा लांबली म्हणून शालिकरामभाऊंनी डोळे उघडले. त्यांना वाटलं असावं, आपण जिंकलो. मग त्यांना आमची तोंडं दिसली. कुणीही त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. त्यांनी आमच्या नजरेमागे नजर नेली आणि स्वतःचा हात पाहिला.

"किक मार," ते मला म्हणाले. या वेळी डोळे उघडे.

माझा पाय उचलेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा मारली. ठिणगी करंगळीवर पडताना त्यांनी पाहिली. दुसऱ्याच्या घरात चोर शिरताना पाहावा, तशी पाहिली. मग ते उठले, त्यांनी वायर उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताची करंगळी पुढे केली. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच पायानं किक दाबली होती. हात इतक्या जोरानं झटकला गेला, की मागचा पाना उडून गोपाळरावांच्या बुटावर पडला.

"विंचू," शालिकरामभाऊ म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

नत्थूजींनी वही मिटली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा नव्हता. त्यांनी शालिकरामभाऊंचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, करंगळी आणि शेजारचं बोट दाबून पाहिलं. दोन्ही बोटं जरा आत वळलेली होती. ती कधीपासून तशी होती, हे आम्हा रोज येणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. नत्थूजी हळू आवाजात एवढंच म्हणाले, "उद्या दवाखान्यात जा, शालिकराम. माझ्या काकाचं असंच सुरू झालं होतं." काकांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी शालिकरामभाऊंच्या घरी सगळ्यांचं एकमत झालं, की तीस वर्षं करंट खाऊन खाऊन बोट मेलं. वहिनींना आता सगळं आठवायला लागलं. गेल्या उन्हाळ्यात यांनी उकळत्या चहाचं पातेलं हातानं उतरवलं होतं आणि फोड आल्यावर विचारलं होतं, हे काय झालं. "मी तवाच म्हनत होती, हात दाखवा म्हनून," त्या म्हणाल्या. करंटचं कारण मलाही पटलं. कामगाराला कामानं दिलेलं दुखणं, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी मी त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. त्यानं शालिकरामभाऊंना डोळे मिटायला सांगितले. मग कापसाचा बोळा आधी अंगठ्याला लावला आणि विचारलं, कुठे लागतंय? बरोबर सांगितलं. तर्जनीला, बरोबर. करंगळीला लावला आणि विचारलं. शालिकरामभाऊ वाट पाहत बसले. "लावा ना साहेब," ते म्हणाले. कापूस लावलेलाच होता.

मग डॉक्टरनं कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली. मलाही चाचपायला दिली. डाव्या कोपरात काही हाताला लागत नव्हतं. उजव्यात सुतळीसारखा गाठाळ दोर लागला. बाही वर केली तर दंडाजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा होता. त्यावर टाचणी टोचली, तीही कळली नाही.

डॉक्टर म्हणाला, करंटचा काही संबंध नाही. हा कुष्ठरोग आहे.

डॉक्टर पुढे बरंच बोलत होता. गोळ्या आहेत, नेमानं घेतल्या की रोग पूर्ण जातो, सुरुवातीच्या गोळ्यांनंतर दुसऱ्याला लागत नाही, घरच्यांना तपासून घ्या, हे पाप-बिप काही नाही, जंतू आहे. मी ऐकत होतो आणि माझा हात, ज्यानं मी आताच ती शीर चाचपली होती, तो मी पँटला पुसत होतो. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा शालिकरामभाऊंच्याही लक्षात आलेलं होतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. माझ्यावर त्यांनी आजवर केलेल्या सगळ्या थट्टांपेक्षा ते जास्त लागलं.

त्यांनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला. "साहेब, बोट वापस येईल?"

डॉक्टर म्हणाला, "रोग जाईल. बोटाचं मी सांगू शकत नाही. शीर बरीच खराब झाली आहे."

"समजलं," शालिकरामभाऊ म्हणाले. "कातडी साबूत, आतली तार गेली." डॉक्टरला ते कळलं नाही. गोळ्यांचं पाकीट त्यांनी डाव्या हातात घेतलं.

घरी वहिनी ऐकून भिंतीला टेकल्या. मग एकदम सरळ बसल्या आणि हिशेबी आवाजात बोलायला लागल्या. करंटनं बोट मेलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. नत्थूजींनी ओळखलं असलं, तरी तो बोलणारा माणूस नाही. गोळ्या घरात खायच्या. कुणाला सांगायची गरज नाही. "असंच सांगा नं. कोनी इचारत आहे का?"

शालिकरामभाऊ म्हणाले, "लहानपनी आमच्या गावात मी आलो का लोक दोन पावलं मागं सरत. काहून सरतात, हे मले मालूम होतं. त्यात माही काही चुकी नव्हती. आता हे लपवलं अन् उद्या कोनाले समजलं, तं लोक मागं सरतीन अन् चुकी माही राहीन, वं."

"अन् सांगितल्यावर नाही सरनार?"

"सरतीन."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला ना, मी काहीतरी सांगावं. मी गोळ्यांच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरं वाचत बसलो.

तीन दिवस टपरी बंद होती. चौथ्या दिवशी उघडली. पेटीवर एक नवी फळी होती, त्यात दोन खिळे समोरासमोर ठोकलेले, मधे पाव इंचाची फट. एका खिळ्याला प्लगची वायर, दुसरा इंजिनाला जोडलेला. चांगली कॉइल असेल तर ठिणगी ती फट उडी मारून ओलांडते. हे असं साधन कुणीही दहा मिनिटांत बनवू शकतं, आणि तेच पाहायला त्रास होत होता.

दहाच्या सुमाराला गोपाळराव आले. गाडी अडखळत होती. त्यांच्याजवळ बातमी होती, पण करंटचीच. टपरीत शिरतानाच बोलत आले, "काय शालिकराम, उजवी नाही तं डावी सही. डावी करंगळी ट्रेनिंगला लावा." जीपच्या सीटवर दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली.

शालिकरामभाऊ उभे राहिले. गाडीच्या हँडलवर त्यांचा उजवा हात होता.

"गोपाळराव, करंटनं नाही झालं ते. मले महारोग झाला आहे. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हनते, कोनाले लागत नाही. पन तुमाले मालूम असलं पाहिजे, म्हनून सांगून राहिलो."

सीटवरची दोन माणसं उठली. एकानं सायकल घेतली आणि निघाला. दुसरा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. गोपाळराव दोन पावलं मागे सरले. मी मोजली, दोनच. त्यांची नजर हँडलवरच्या हातावर होती, त्यांच्या रोज पुसलेल्या हँडलवर. शालिकरामभाऊंनी हात काढून घेतला नाही. त्यांनी डाव्या हातानं प्लगची वायर सोडवली आणि खिळ्याला अडकवली.

"किक मारा," ते म्हणाले.

गोपाळराव जागचे हलले नाहीत. मी पुढे झालो, तर शालिकरामभाऊंनी मला थांबवलं. "तू नाही गा. गाडी त्यांची आहे."

किक मारायला गाडीजवळ जावं लागतं आणि हँडल धरावं लागतं. त्याला दुसरा मार्ग नाही. गोपाळरावांनी रस्त्याकडे पाहिलं, पलीकडच्या माणसाकडे पाहिलं. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा डाग पडला होता. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, हँडलच्या मोकळ्या टोकाला गुंडाळला, त्यावर हात ठेवला आणि किक मारली.

खिळ्यांमधे निळी ठिणगी पडली. टक्क.

"कॉइल चांगली आहे," शालिकरामभाऊ म्हणाले. "बदलू नोका."

गोपाळरावांनी रुमाल काढला नाही, तसाच राहू दिला. त्यांनी विचारलं, "मग गाडी काहून बंद पडून राहिली?"

"पाहा लागंल."

आणि ते पाना घेऊन इंजिनाशी खाली बसले. गोपाळराव तिथंच, रुमालावर हात ठेवून, उभे होते.